एक सेल पेटला, तर शेजारचा वाचतो का?

मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला नुसती उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर धुमसू लागली आणि बघता बघता पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरात सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली. धूर वरच्या हॉटेलात शिरला आणि आठ माणसं गेली. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली. झोपेत भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचला नाही. आपल्याकडचे बॅटरीचे नियम कडक करायचं ठरलं ते याच 2022 सालात. ते नेमके कुठे कडक झाले हे कळायला आधी सेलच्या पोटात शिरावं लागतं.

स्कूटरच्या पॅकमध्ये, म्हणजे बॅटरीच्या पेटीत, लिथियम-आयनचे शेकडो सेल असू शकतात. नेहमीचा एक सेल 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलचा थोरला भाऊ. आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची लेप दिलेली पातळ पट्टी सुरळीच्या वडीसारखी घट्ट गुंडाळलेली असते. दोन्हींच्या मध्ये केसापेक्षा पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा, आणि सगळं भिजलेलं असतं ते चटकन पेट घेणाऱ्या द्रवात. त्या पापुद्र्यावरच सगळी भिस्त. कारखान्यात चुकून राहिलेला धातूचा कण, गरजेपेक्षा जास्त चार्जिंग, जोराचा मार, यांतल्या कशानेही तो भेदला गेला की आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. सेल तापतो. 130 अंशांच्या आसपास पापुद्राच वितळू लागतो. निकेल-कोबाल्टचा सेल असेल तर 200 अंशांच्या पुढे त्यातून प्राणवायू सुटतो. जळायला द्रव, पेटायला उष्णता आणि वर घरचाच प्राणवायू! म्हणून ही आग नुसती झाकून विझत नाही, भरपूर पाणी ओतून पॅक थंड करावा लागतो. उष्णतेने उष्णता वाढवत नेणाऱ्या या साखळीला 'थर्मल रनअवे' म्हणतात. लोह-फॉस्फेटचे सेल या बाबतीत बरेच शांत, पण तेही पेटतच नाहीत असं नाही.

सदोष सेल कधीच बनणार नाही, अशी हमी कुणालाच देता येत नाही. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली सोनीने. त्याच सोनीच्या लॅपटॉप बॅटऱ्या 2006 मध्ये लाखोंनी परत मागवाव्या लागल्या, कारण आत धातूचे सूक्ष्म कण राहिले होते. इतक्या जाणत्या कारखान्यात हे घडतं, तर नियमाने विचारायचा प्रश्नच वेगळा हवा. एक सेल पेटलाच, तर शेजारच्याचं काय होतं?

रस्ते वाहतूक मंत्रालयाने 27 सप्टेंबर 2022 ला जाहीर केलेल्या सुधारणांमध्ये मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. बॅटरीच्या सुरक्षेच्या ज्या मानकात त्या झाल्या, त्याचं नाव एआयएस-156. अशी मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. नव्या अटी डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. आता चाचणीत पॅकमधला एक सेल मुद्दाम रनअवेत ढकलतात आणि बाकीचा पॅक पेटतो का, फुटतो का, ते बघतात. हे पार करायचं तर कंपनीला सेलमध्ये अंतर ठेवावं लागतं, वायू बाहेर पडायला वाट द्यावी लागते. धोका असेल तर आवाज आणि दिवा या दोन्हींनी चालवणाऱ्याला सावध करावं लागतं. पॅक आयपीएक्स7 दर्जाचा हवा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडून राहिला तरी आत पाणी जाता कामा नये. जुलैमधले आपले रस्ते पाहिलेल्याला ही अट जास्तीची वाटणार नाही. शिवाय सेल कधी बनला तेही त्यावर लिहिलेलं हवं.

पण हे सगळं गाडी विकली जाईपर्यंत. तीन-चार वर्षांनी पॅक दमतो, नवा महाग पडतो, आणि माणूस स्वस्तात सेल बदलून पॅक भरून देणाऱ्याकडे जातो. बॅटरी कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, पण तो नियम मुळात कचऱ्यासाठी लिहिलेला. न्यूयॉर्क शहराने नेमकं हे दार बंद केलं. तिथे सप्टेंबर 2023 पासून प्रमाणित नसलेली ई-बाइक आणि तिची बॅटरी विकता येत नाही, आणि वापरलेल्या बॅटरीतून काढलेले सेल जोडून नवा पॅक बनवायलाही वेगळ्या कायद्याने बंदी आहे. 2023 मध्ये तिथे अशा आगींत 18 माणसं गेली होती, 2024 मध्ये 6. आगींची संख्या मात्र घटली नाही. लोकांना शहाणं करण्याची मोहीमही सोबत चालू होती, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. तरी बारा जीव ही थोडी गोष्ट नाही, आणि अशी थेट बंदी आपल्याकडेही हवी असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी एका गल्लीत असा पॅक भरताना पाहिला. टेबलावर जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलचा ढीग होता. एकेकाला मीटर लावून पोरगा ते दोन डब्यांत टाकत होता, मग स्पॉट वेल्डिंगने निकेलची पट्टी टक्‌टक् जोडत होता. हात इतका सफाईचा की बघत राहावं. सेल किती सालचे, असं मी विचारलं. त्याने एक उचलून माझ्या हातात दिला. त्यावर नवीकोरी निळी स्लीव्ह चढवलेली होती, तारीख असलीच तर तिच्याखाली गेली होती.