लातुरातला शंभर लिटर समुद्र

रात्री साडेनऊला पुतण्याचा फोन. "काका, टाकीतलं पाणी दुधावानी झालंय. काय टाकलंस म्हणून आधी रागावू नका, काय करू ते सांगा."

त्याच्याकडे खाऱ्या पाण्याची शंभर लिटरची काचेची टाकी आहे. घर लातुरात. २०१६ च्या एप्रिलात याच गावाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं, आणि आता तिथल्या एका दिवाणखान्यात हा पोरगा समुद्र पाळतोय. दोन क्लाउनफिश, पाच-सहा गोगलगायी आणि दगडावर बटणांसारखी उघडमिट करणारी मऊ पोवळी. मऊच का, तर खडक बांधणारी दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. कुणी "मागवून देतो" म्हणालं तर हात जोडून निघून यावं.

टाकी मांडली तेव्हाच आमचा पहिला वाद झाला होता. "आपल्या बोअरचं पाणी खारंच हाय की. वरून मीठ तेवढं टाकू." मुद्दा अगदीच वेडा नव्हता. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर बोटभर पांढरा थर चढतो. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि पोवळ्याचा सांगाडाही त्याचाच. पण प्रमाण बघा. पिण्याच्या पाण्याचा जडपणा भारतीय मानकाप्रमाणे फार तर लिटरला ६०० मिलिग्रॅम चालतो. समुद्राच्या पाण्यात तो सहा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे आपलं बोअर कितीही जड असलं तरी समुद्रापुढे ते गोडच. शिवाय त्यातून येणारा नायट्रेट आणि आपल्या काळ्या बेसॉल्टातून झिरपलेली सिलिका ही बिनबोलावलेली मंडळी. काचेवर तपकिरी साय धरते ती या सिलिकेवर पोसलेल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची.

मिठाचीही तीच गत. समुद्राच्या क्षारांत जवळजवळ ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड, हे खरं. पण मिठागरात पाणी आटतं तेव्हा आधी चुना (इथे चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) आणि जिप्सम तळाला बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं. पोवळ्याला जे हवं ते नेमकं मिठाच्या आधी किंवा नंतर निघून गेलेलं. म्हणून आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठी मिळणारं तयार समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासे सोडायचे नाहीत. इथवर पोरानं सगळं नीट केलं होतं.

मग घोळ कुठे झाला? चाचणीत कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅम आलं. त्यानं वाचलं होतं ४२०. "कमी पडलं" म्हणून त्यानं कॅल्शियम क्लोराइड ओतलं, पाठोपाठ त्याच कोपऱ्यात खायचा सोडा. पाच मिनिटांत पाणी पांढरं, हीटरवर भुकटी, पोवळी मिटलेली. अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, किती होती विचारलं, तर ती मोजलीच नव्हती.

नवशिके इथेच फसतात. सगळ्यांचा डोळा कॅल्शियमवर, कारण हाडं म्हणजे कॅल्शियम हे आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेलं. आता हिशेब मांडू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम आणि अल्कता सुमारे ७ अंश. (ही मंडळी अल्कता जर्मन अंशांत मोजतात, 'डीकेएच' म्हणतात ते हेच.) चुना घडताना २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झालं की त्याच्याबरोबर २.८ अंश अल्कता जाते. हे प्रमाण रेणूतच ठरलेलं आहे, त्यात घासाघीस नाही. म्हणजे कॅल्शियम ४१० चं ३९० होईपर्यंत अल्कता ७ वरून ४.२ वर आलेली असते. घरगुती किटला ४१० आणि ३९० यांतला फरक धड कळतही नाही. अगदी सगळी अल्कता संपवली तरी कॅल्शियम ३६० उरणारच. कॅल्शियम म्हणजे कणगीतली ज्वारी आणि अल्कता म्हणजे डब्यातलं पीठ. भाकरी अडते ती पिठापायी.

अल्कता म्हणजे काय? पीएच सांगतो आम्ल ते अल्कली या पट्टीवर पाणी आत्ता कुठे उभं आहे. अल्कता सांगते त्याला तिथून हलवायला किती आम्ल लागेल. समुद्रात हे काम मुख्यतः बायकार्बोनेट करतं. शाळेतला प्रयोग आठवा: चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की निवळी दुधाळ होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनेट झालं, कॅल्शियमला भेटलं, चुना होऊन खाली बसलं. बहुतेक शाळांत प्रयोग इथेच संपतो आणि गुरुजी खडू ठेवतात. पण फुंकत राहा. दूध पुन्हा नितळ होतं! जास्तीचा कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटचं बायकार्बोनेट करतो, आणि ते विरघळलेलं राहतं. मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एवढी गोष्ट हातात घट्ट धरली तर पोवळ्याची निम्मी रसायनविद्या कळते.

समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास. त्या ठिकाणी विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी दहात नऊ भाग बायकार्बोनेट, कार्बोनेट उरलेल्या एका भागात. आणि एवढ्याशा कार्बोनेटवरसुद्धा उष्ण समुद्राचं वरचं पाणी अतिसंपृक्त असतं, म्हणजे चुना मावेल त्याहून जास्त भरलेलं, ॲरागोनाइट या चुन्याच्या प्रकाराच्या हिशेबानं तीन ते चार पट. मग आख्खा समुद्र आमच्या टाकीसारखा दुधाळ का होत नाही?

मॅग्नेशियममुळे. समुद्रात कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे पाच आयन असतात. चुन्याचा स्फटिक वाढायला लागला की कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसतं. त्याचा आकार लहान, आणि अंगाला पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले. गवंडी ओळीनं विटा लावत असताना कुणी मधेच वेगळ्या मापाची ओली वीट घुसवावी, तसं होतं. रांग बिघडते, भिंत चढत नाही. टाकीत मॅग्नेशियम १३०० च्या आसपास राखायचं ते यासाठी.

पोवळं यातून वाट काढतं. ते आपल्या पेशींच्या तळाशी एक चिंचोळी बंद जागा राखून ठेवतं आणि तिथे कॅल्शियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर ढकलतं. हायड्रोजन कमी झाला की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, म्हणजे आपण फुंकत राहिलो तेव्हा झालं त्याच्या बरोबर उलट. पंप चालवायची ताकद पेशींत राहणाऱ्या शैवालाच्या उन्हातल्या कमाईतून येते. दगडी पोवळं यातून खडक रचतं. पुतण्याच्या मऊ पोवळ्यांचा चुन्याचा खर्च नगण्य, पण त्याच्या दगडांवर चढलेला गुलाबी शेवाळाचा थर रोज थोडा थोडा चुना बांधतोच, आणि गोगलगायींची शंखं आहेतच.

पोरानं मात्र एकाच कोपऱ्यात दोन्ही भुकट्या ओतल्या. तिथे क्षणभर प्रमाण इतकं चढलं की मॅग्नेशियमची पहारेदारी तोकडी पडली.

आमच्या हद्दीपलीकडे बुलढाण्यात लोणारचं सरोवर आहे, तिथे याची उलटी गोष्ट घडलेली दिसते. ते पाणीही खारं, पण कार्बोनेटचा सुकाळ आणि कॅल्शियमचा दुष्काळ, कारण आलेलं कॅल्शियम चुना होऊन बसून जातं. पीएच १० च्या घरात. खारं म्हणजे समुद्रासारखं नव्हे, हे पटवायला मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देत असे.

मंगळ शांत करायला बोटात घालतात ते लाल पोवळंही बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच. लिंबू पिळून बघा, बुडबुडे सुटतील. मंगळावर त्याचा परिणाम होण्याचं काही कारण मला दिसत नाही. जळजळणारं पोट मात्र ते नक्की शांत करील, औषधाच्या दुकानातली चुन्याची गोळी करते तसं. किंमत तेवढी बघून घ्या.

त्या रात्री मी त्याला एवढंच सांगितलं की आता काही टाकू नकोस, गाळणी आणि पंप चालू ठेव, उद्या वीस लिटर पाणी बदल. दुसऱ्या दिवशी अल्कतेची चाचणी केली. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब सोडायचे, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं, एका थेंबाला एक अंश. चार थेंबांतच पिवळं. मग रोज तीन ग्रॅम खायचा सोडा, आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या झोतात हळूहळू. शंभर लिटरला तीन ग्रॅमनं साधारण एक अंश वाढतो.

उन्हाळ्यात आणखी एक कटकट. कोरडी हवा, वर पंखा. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्यानं, खाऱ्या नाही. पुढेमागे गुलाबी थर वाढला तर या भरीतच चुन्याची निवळी मिसळता येते; तिच्यात कॅल्शियम आणि अल्कता नेमक्या त्या २० ला २.८ च्या प्रमाणात असतात. मात्र ती जहाल असते, पीएच १२ च्या वर. लिटरभर संपृक्त निवळी एका दिवसात अल्कता अंशभर चढवते. पानाच्या डबीतला चुना चालणार नाही, त्यात काय काय असतं देव जाणे. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवं.

पोरानं तयारी आधीच करून ठेवलीय. टाकीवरच्या खिळ्याला सलाइनची बाटली टांगलीय. वहिनी म्हणतात, घरात पेशंट असल्यासारखं वाटतं. सध्या तिच्यातून साधं आरओचं पाणी पडतं, आणि आरओचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून त्या फरशी पुसतात. परवा फोटो आला: चाचणीची नळी, खाली लिहिलेलं, "सातव्याला हिरवट, आठव्याला पिवळं. बटणं उघडायलीत."