हजार फुटांचं अंतर कुठून आलं?

उलव्याच्या गच्चीवरून नव्या विमानतळाकडे येणारी विमानं इतकी खाली दिसतात की चाकं मोजावीत. पण परवा संध्याकाळी शेजारच्या काकूंचं लक्ष पार वरच्या, मुंबईत न उतरणाऱ्या दोन ठिपक्यांकडे गेलं. ॲपमध्ये एकाची उंची ३७,००० फूट, दुसऱ्याची ३८,०००. "अहो, मध्ये एवढंच अंतर?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर २,००० फूट असे. विमान उंची मोजतं ती बाहेरच्या हवेच्या दाबावरून. समुद्रसपाटीला दाबात एका मिलिबारचा फरक म्हणजे उंचीत सुमारे २७ फूट. ३७,००० फुटांवर विरळ हवेत तोच मिलिबार नव्वदहून जास्त फुटांचा. काट्याची चूक तेवढीच, पण वर गेल्यावर तिप्पट भारी. म्हणून १९६६ मध्ये 'इकाओ' या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जगभरासाठी २९,००० ही सीमा आखली.

पुढे इंधन वाचवणाऱ्या उंचीवरच गर्दी झाली. वरचं अंतरही हजार फुटांवर आणता येईल का, हे पाहायला १९८२ पासून प्रत्यक्ष मोजमापं सुरू झाली. टक्करी इतक्या विरळ की त्या मोजून धोका कळणार नाही. म्हणून विमानं ठरल्या उंचीपासून किती ढळतात ते मोजायचं आणि त्यावरून शक्यता काढायची. या गणिताचा पाया ब्रिटनचे संशोधक राइश यांनी साठच्या दशकात घातला होता. मर्यादा ठरली ती अशी: उंची राखण्यातल्या तांत्रिक चुकांमुळे अब्ज उड्डाण-तासांत अडीचपेक्षा जास्त जीवघेणे अपघात नकोत. दोन स्वतंत्र उंचीमापक सक्तीचे झाले. मार्च १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर हजार फुटांचा नियम आला, भारतात नोव्हेंबर २००३ मध्ये.

जीपीएसने मात्र एक पेच उभा केला. विमानं मार्गाच्या मध्यरेषेवर इतकी अचूक उडू लागली की उंची चुकली तर बाजूने निसटण्याची शक्यताच घटली. म्हणून समुद्रावर वैमानिकांना दोन सागरी मैलांपर्यंत उजवीकडे सरकून उडायची मुभा आहे.

मला जास्त काळजी वाटते ती माणसाच्या चुकीची. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर एका विमानाला १४,००० आणि दुसऱ्याला १५,००० फूट दिले होते. वरचं खाली उतरलं, टक्कर झाली आणि ३४९ जीव गेले. तिथे काटा चुकला नव्हता. त्यामुळे आता असं प्रत्येक ढळणं नोंदवलं जातं, विमान चुकीच्या उंचीवर किती वेळ होतं यासकट.