वारांच्या पेठा

पुणे शहराच्या जुन्या भागातील सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार या सात पेठांना मिळून वारांच्या पेठा म्हटले जाते. आठवड्यातील एकही वार न सोडता सगळे वार वस्त्यांना दिल्यामुळे ही नावे एका बैठकीत, फारसा विचार न करता ठरवली गेली असावीत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या पेठा वेगवेगळ्या राजवटींत वसल्या, त्यांपैकी बहुतेकींना आधी दुसरी नावे होती आणि सातवा वार तर बऱ्याच उशिरा भरला गेला, असे उपलब्ध माहितीवरून दिसते.

मध्ययुगीन दख्खनच्या व्यवस्थेत परगण्याच्या मुख्य गावाला कसबा, साध्या गावाला मौजे आणि व्यापारासाठी मुद्दाम वसवलेल्या वस्तीला पेठ म्हणत. कसब्याचा कारभार पाटील-कुलकर्णी पाहत, तर पेठेत शेटे आणि महाजन हे वतनदार असत. नवी पेठ वसवताना येणाऱ्या उदम्यांना (व्यापाऱ्यांना) कौल, म्हणजे सवलतीचे लेखी आश्वासन, देऊन काही वर्षे कर माफ करण्याची किंवा कमी घेण्याची पद्धत होती आणि पुढे पेठेचे उत्पन्न मुख्यतः जकात व मोहतर्फा (व्यवसायांवरील कर) यांतून येई. त्यामुळे पेठेचे नाव सरकारी हिशेबातले एक सदर असे. जुन्या पेठेची वस्ती उठून ती पुन्हा वसवली गेली की नवे नाव पडण्याला वाव मिळे, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

पुण्याचा सर्वांत जुना भाग म्हणजे मुठेच्या उजव्या काठावरील कसबा. त्याच्या पश्चिमेस शनिवार, दक्षिणेच्या बाजूस बुधवार व रविवार, त्यांच्या पलीकडे शुक्रवार व गुरुवार, तर पूर्वेस नागझरी हा ओढा ओलांडल्यावर सोमवार व मंगळवार या पेठा लागतात. नकाशावर कसब्याभोवती कोणत्याही दिशेने फिरले तरी वार क्रमाने येत नाहीत. सोमवारास लागून मंगळवार आणि गुरुवारास लागून शुक्रवार आहे एवढाच काय तो क्रम सापडतो, आणि तोही बहुधा योगायोग असावा. पूर्वनियोजित आखणीची कल्पना मान्य करण्यात ही पहिली अडचण आहे.

दुसरी अडचण जुन्या नावांची आहे. सोमवार पेठेचे आधीचे नाव शहापुरा, रविवार पेठेचे मलकापूर, शनिवार पेठेचे मुर्तजाबाद, बुधवार पेठेचे मुहियाबाद (मोहियाबाद असेही रूप आढळते), शुक्रवार पेठेचे विसापूर आणि मंगळवार पेठेचे अस्तापुरा किंवा अष्टपुरा असल्याचे सांगितले जाते. यांतील मलकापूर हे नाव निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याशी आणि मुर्तजाबाद हे निजामशाहीतील मुर्तजा नावाच्या सुलतानाशी जोडण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. पुणे दीर्घकाळ निजामशाही अमलाखाली होते, हे ध्यानात घेता ही जोडणी असंभाव्य नाही. मात्र दोन्ही बाबतींत नामसाधर्म्य हाच मुख्य आधार राहतो. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३०च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले व त्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून ते पुन्हा वसले. तेव्हा त्याआधीच्या पेठांपैकी किती टिकल्या आणि किती केवळ नावाने उरल्या, हे वेगवेगळे पाहावे लागते.

मंगळवार पेठेच्या जुन्या नावाबद्दल दोन मते आहेत. अष्टपुरा हे रूप ग्राह्य धरल्यास त्यात आठ ही संख्या येते आणि आठ पुरांची किंवा आठ घराण्यांची वस्ती असा अर्थ लावला जातो. दुसऱ्या मतानुसार मूळ रूप शास्तापुरा असे असून शास्ताखानाच्या पुण्यातील मुक्कामात, म्हणजे १६६० ते १६६३ या काळात, ही वस्ती झाली किंवा वाढली. आद्य शकार लोपून अस्तापुरा आणि पुढे संस्कृत वळणाने अष्टपुरा, असा बदल उच्चाराच्या दृष्टीने सहज समजण्याजोगा आहे. उलट अष्टपुऱ्यातील आठ घटक कोणते, हे कोणीही समाधानकारकपणे दाखवलेले नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मुहियाबादचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १७०३ मध्ये औरंगजेबाची छावणी काही महिने पुण्यास होती आणि तेथे निधन पावलेल्या एका राजपुत्राच्या स्मरणार्थ त्याने हे नाव दिले, अशी परंपरागत माहिती आहे. खुद्द औरंगजेबाचे मूळ नाव मुहिउद्दीन असल्याने ते नाव त्याच्याच नावावरून पडले असणेही अशक्य नाही. शिवाय हे नाव सबंध शहराला दिले होते की फक्त नव्या पेठेला, याबद्दलही एकवाक्यता नाही. शहराला ते दिले असेल तर ते लोकांनी कधीच स्वीकारले नाही, आणि बादशाही कागदांपुरते राहिलेले नाव पुढे एका पेठेशी चिकटून उरले, असा अर्थ होतो. मोगल अमदानीत गावांना दिलेल्या अनेक नावांची हीच गत झालेली असल्याने हे अनुमान वस्तुस्थितीला जवळचे असावे.

वारांची नावे केव्हा रूढ झाली याचे एकच एक वर्ष सांगता येत नाही. पहिल्या बाजीरावाने मुक्काम पुण्यास हलवल्यानंतर, साधारणतः अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून, जुन्या वस्त्या नव्याने वसवल्या गेल्या आणि त्याच ओघात फार्सी वळणाची नावे मागे पडून वार पुढे आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. विसापूरची शुक्रवार पेठ होण्याचे श्रेय पेशव्यांच्या पदरचे जिवाजीपंत खासगीवाले यांना दिले जाते. मात्र याच काळात वसलेल्या इतर पेठांना वारांची नावे मिळालेली नाहीत: खासगीवाल्यांनीच वसवलेली गणेश पेठ, सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ, मंदिरावरून नाव मिळालेली भवानी पेठ, आणि पुढे सरदार-मुत्सद्द्यांच्या नावांच्या घोरपडे, रास्ता व नाना पेठ. सदाशिव पेठ नायगाव नावाच्या खेड्याच्या जमिनीवर वसली; तेथे वाराचे नाव देता आले असते, पण दिले गेले नाही. म्हणजे वारांची नावे मुख्यतः अगोदरपासून असलेल्या आणि नव्याने भरलेल्या वस्त्यांना मिळाली, तर पूर्णतः नव्या वस्त्यांना देवाचे किंवा माणसाचे नाव दिले गेले, असा ढोबळ भेद करता येतो.

या भेदाला गुरुवार पेठ हा अपवाद आहे आणि म्हणूनच ती अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरते. ही पेठ अठराव्या शतकाच्या मध्यास वसली तेव्हा तेथील वेताळाच्या देवळावरून तिला वेताळ पेठ असे नाव होते. पेशवाई गेल्यानंतरही ते चालू होते. जोतीराव फुले यांनी १८५२ मध्ये मुलींसाठी काढलेल्या शाळेचा उल्लेख वेताळ पेठेतील शाळा असाच होतो. बाकीचे सहा वार वापरात असताना सातव्या वाराची जागा किमान शंभर वर्षे एका ग्रामदैवताकडे होती. त्यावरून सप्ताह पुरा करण्याची कल्पना मूळची नसून मागाहून सुचलेली आहे, हे पुरेसे स्पष्ट होते. शेजारची गंज पेठ अलीकडे महात्मा फुले पेठ झाली, तिचे कारण मात्र उघड आहे: फुले यांचे राहते घर त्या पेठेत आहे.

वारच का, याचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण आठवडे बाजाराचे आहे. ज्या पेठेत ज्या वारी बाजार भरे त्या वाराचे नाव तिला पडले, असे ते आहे. दख्खनमध्ये पंचक्रोशीतील गावांचे बाजार निरनिराळ्या वारी भरत आणि फिरते विक्रेते त्या फेऱ्याप्रमाणे फिरत. तोच फेरा एका वाढत्या शहरात पेठापेठांतून चालला असेल, हे समजण्यासारखे आहे. यावर घेतला जाणारा आक्षेप असा की पेठ ही कायम दुकानांची वस्ती असते. रविवार पेठेतील बोहरी आळी व मोती चौक किंवा बुधवारातील तपकीर गल्ली यांचा व्यवहार रोजचा असून एका वाराशी बांधलेला नाही. शिवाय आज पुण्यात ज्या बाजाराला खऱ्या अर्थाने आठवडे बाजाराचे रूप आहे तो जुना बाजार मंगळवार पेठेलगत भरतो आणि तो रविवारी व बुधवारी असतो. अर्थात आजच्या बाजारावरून अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाजाराचा वार ठरवणे योग्य नाही, हेही मान्य करावे लागेल. दुसरे स्पष्टीकरण पेठेच्या स्थापनेच्या वाराचे आहे. त्याला पुष्टी देणारी माहिती फार थोडी असून ते बहुतांशी शनिवारवाड्याच्या कथेवरून इतर पेठांना लावलेले दिसते.

ती कथा अशी की वाड्याची पायाभरणी आणि वास्तुशांत दोन्ही शनिवारी झाल्याने वाड्याला, आणि वाड्यावरून पेठेला, शनिवार हे नाव मिळाले. पायाभरणीची तिथी माघ शुद्ध ३, शके १६५१, म्हणजे १० जानेवारी १७३० आणि वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ अशी दिली जाते. आजच्या दिनदर्शिकेचे गणित मागे नेल्यास या दोन्ही तारखांना मंगळवार येतो आणि त्यामुळे कथाच खोटी असल्याचा निष्कर्ष अधूनमधून काढला जातो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. मराठ्यांच्या इतिहासातील १७५२ पूर्वीच्या तारखा इंग्रजी व्यवहाराला अनुसरून जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने देण्याची प्रथा आहे. ती पद्धत अठराव्या शतकात ग्रेगोरियन पद्धतीच्या अकरा दिवस मागे होती. त्यानुसार पायाभरणी ग्रेगोरियन २१ जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत २ फेब्रुवारी १७३२ रोजी पडते व दोन्ही दिवशी शनिवारच येतो. तेव्हा वार खरे आहेत.

वार खरे असले तरी नाव त्यांवरूनच पडले, असे त्यातून सिद्ध होत नाही. पुण्यात पेशव्यांचे बुधवार वाडा आणि शुक्रवार वाडा असे आणखी दोन वाडे होते. त्यांपैकी शुक्रवार वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील होता आणि बुधवार वाडा मे १८७९ मधील आगीत जळाला. हे वाडे त्या त्या वारी बांधायला घेतले, असे कोणी म्हणत नाही. ते त्या त्या पेठेतले वाडे होते, इतकाच त्यांच्या नावांचा अर्थ आहे. तोच न्याय शनिवारवाड्यास लावणे अधिक सुसंगत दिसते. पायाभरणीच्या वेळी पेठेचे नाव मुर्तजाबाद होते की शनिवार, यावर अखेर हा प्रश्न अवलंबून आहे. नाव आधीच शनिवार असल्यास मुहूर्ताचा वार हा योगायोग ठरेल किंवा कदाचित मुद्दाम जुळवलेला.

जुन्या कागदपत्रांत रविवारासाठी आदितवार आणि शनिवारासाठी शनवार ही रूपे आढळतात. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडातही आदितवार हेच रूप आहे. बोलण्यात पेठ हा शब्द गाळून ‘शनवारात राहतो’, ‘शुक्रवारात दुकान आहे’ असे म्हणण्याची पद्धत अजून टिकून आहे. पत्ता रस्त्यावरून न देता पेठ आणि तिच्यातील घरक्रमांक यांवरून देण्याची जुनी रीत असल्याने पेठेचे नाव बदलणे व्यवहारात सोपे राहिलेले नाही. जुन्या पुण्यातील देवळांना मात्र जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, बटाट्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर अशी नावे देणारे शहर पेठांच्या बाबतीत वारांवर कसे थांबले, याचे आश्चर्य वाटते. कदाचित एक नाव दप्तराने आणि दुसरे शेजाऱ्यांनी ठेवलेले असल्याने हा फरक पडला असेल.

पुण्याबाहेर सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि कऱ्हाड येथेही वारांच्या पेठा आहेत. साताऱ्याची वाढ शाहू छत्रपतींच्या काळातली असल्याने तेथील नावे पुण्याच्या अनुकरणाने पडली की दोन्हीकडे एकच जुनी प्रथा होती, हे ठरवणे कठीण आहे. दुसरी शक्यता जास्त वाटते. बेळगावात रविवार पेठ व शनिवार खूट आहेत. नागपूरकडे रूप बदलते: इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी. बुऱ्हाणपुरात इतवारा व शनवारा, भोपाळमध्ये इतवारा, बुधवारा, मंगलवारा आणि गुरुवारासाठी जुमेराती अशी नावे आहेत. ही सर्व रूपे बाजाराच्या वाराकडेच निर्देश करतात आणि पुण्यातील बाजारविषयक मताला मिळणारा सर्वांत भक्कम आधार पुण्यात नसून येथे आहे, असे म्हणावे लागते.

भारताबाहेरही ही प्रथा विरळ नाही. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे हिचे नाव सोमवारी भरणाऱ्या बाजारावरून पडले. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या बाजूला बुधवार आणि गुरुवार अशा अर्थाची चार्शाम्बा व पेर्शेम्बे ही गावे आहेत. हंगेरीतील सोम्बाथेय म्हणजे शनिवारचे ठिकाण, आणि स्लोव्हाकियातील दुनायस्का स्त्रेदा या नावात बुधवार आहे. या ठिकाणी एका गावाला एक वार मिळाला. सातही वार एकाच शहरात वाटून घेण्याचा प्रकार पुण्यात व साताऱ्यासारख्या मोजक्या दख्खनी शहरांत दिसतो.