न कोरलेला दगड

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला मात्र पांढुरका, चिकट थर धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातली स्निग्धाम्लं एकत्र येऊन पाण्यात न विरघळणारा ‘चुन्याचा साबण’ तयार होतो, तोच हा थर. युरोपातल्या रोमँटिक काळातल्या, म्हणजे भावनेच्या आवेगाला महत्त्व देणाऱ्या चित्रकारांना याच रसायनानं एक नवं माध्यम मिळवून दिलं: शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई (लिथोग्राफी).

तोवर छापायचं चित्र कोरावं लागे, लाकडात किंवा तांब्याच्या पत्र्यावर. बरेचदा चित्र एकाचं आणि कोरणारा हात दुसऱ्याचा. मूळ रेघेतला आवेग त्यात हरवायचा, आणि या पिढीला तर नेमका तोच जपायचा होता.

वाट सापडली ती एका नाटककाराला. अलोइस सेनेफेल्डरला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. म्युनिकमध्ये 1796 पासून तो जर्मनीतल्याच झोलनहोफेन गावच्या चुनखडकावर प्रयोग करत होता. आधी त्यानं आम्लानं दगड खोदून पाहिला. पुढे दोन वर्षांत त्याच्या लक्षात आलं, की खोदायची गरजच नाही.

मेण, चरबी, साबण आणि काजळी यांच्या खडूनं दगडावर चित्र काढायचं. खडूतली स्निग्धाम्लं दगडातल्या कॅल्शियमला धरतात. रेघ असेल तिथे चुन्याचा साबण बसतो. मग किंचित नायट्रिक आम्ल घातलेलं डिंकाचं पाणी फिरवायचं, म्हणजे मोकळी जागा पाणी धरून ठेवते. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला की ओली जागा शाई झिडकारते, रेघ ती उचलते. वर कागद ठेवून दाबलं की उलटं चित्र उमटतं. दगडावरून बोट फिरवलं तर ना उंचवटा लागतो, ना खाच!

स्पॅनिश चित्रकार गोयाचं उदाहरण मला फार भावतं. 1825 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, बहिरेपण आणि अधू नजर सोबतीला असताना त्यानं फ्रान्समधल्या बोर्दो इथे बैलझुंजींची चार शिळाचित्रं केली. सांगतात, की तो दगड कॅनव्हाससारखा चित्रकाराच्या लाकडी घोडीवर उभा ठेवी, आधी सगळा करडा करून घेई आणि मग खरवडून उजेड बाहेर काढी. त्या चित्रांतली गर्दी, धूळ, धावपळ पाहताना हे पटतं. तांब्यावर असा सैल हात चालवणं अवघडच. 1828 मध्ये फ्रेंच चित्रकार देलाक्रवानं जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकासाठी 17 शिळाचित्रं काढली, तीही अशीच झपाटलेली.

आपल्याकडे 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यानं हेच तंत्र रंगीत चित्रांसाठी वापरलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. अशा एकावर एक छापांतून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या.

पण झोलनहोफेनचाच दगड का? शहाबादी फरशीही चुनखडकाचीच. फरक आहे तो कणांचा. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, खारट सरोवरं होती. तळाचं पाणी इतकं निश्चल आणि प्राणवायूविना, की चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ थरावर थर शांतपणे बसत गेला. म्हणून खडूचा हलकासा स्पर्शही हा दगड टिपतो. 1861 मध्ये याच दगडात एका पिसाचा ठसा मिळाला, पिसाच्या बारीक धाग्यांसकट. त्या आदिपक्ष्याला नाव मिळालं आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका, म्हणजे शिळाछापाच्या दगडातला प्राचीन पंख.