सह्याद्रीतील घाटरस्त्यांची एकदिवसीय सहल

घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यांपैकी एक-दोन निवडून, पहाटे निघून रात्रीपर्यंत घरी परतता येईल अशी केलेली मोटारसहल. हिच्यात पोहोचण्याचे ठिकाण दुय्यम असते. रस्ता हाच सहलीचा विषय. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि नाशिक ही शहरे घाटमाथ्यापासून दोन तासांच्या आत असल्याने तिथे ही सवय अधिक रुजली. मुंबईकरांना आधी शहरातून सुटावे लागते.

घाट एवढे देखणे का, याचे उत्तर डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला. त्याची पूर्वेकडची बाजू हळूहळू उतरत देशावर विरून जाते, पश्चिमेकडची मात्र काळ्या बेसाल्टच्या कड्यांनी एकदम तुटते. त्यामुळे एकाच घाटाचे दोन अनुभव मिळतात. देशावरून जाणारा तासभर भातखाचरे आणि धरणांचे पाणी बघत साधारण सपाटीवरून जातो आणि एका खिंडीत त्याच्या पुढची जमीनच संपते. कोकणातून येणाऱ्याला ती भिंत बराच वेळ समोर दिसत राहते आणि रस्ता नेमका कुठून वर जाणार, हे शेवटपर्यंत कळत नाही.

या वाटा जुन्या आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणे, नागनिका राणीचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. तिथून बैलांचे तांडे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत. पार घाटावर नजर ठेवण्यासाठी प्रतापगड बांधला गेला. चाकांच्या वाहतुकीसाठी बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता. आज आपण ज्यांना घाटरस्ते म्हणतो त्यांतले बरेचसे अशाच पायवाटा रुंदावून झालेले आहेत. काही वाटा मात्र गिर्यारोहकांपुरत्याच उरल्या.

निवडीचा पहिला निकष अवजड वाहतुकीचा. घाट कितीही सुंदर असला तरी पुढे बारा चाकी ट्रक धूर सोडत चढत असेल, तर दोन तास त्याची मागची फळीच बघावी लागते. म्हणून ज्या रस्त्याचा व्यापारी भार दुसरीकडे वळला आहे, तो सहलीसाठी चांगला. बोरघाट इतिहासाने मोठा, पण मुंबई-पुण्याच्या रहदारीने तो सहलीच्या कामाचा उरलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला आणि वरच्या जुन्या रस्त्याची धावपळ कमी झाली. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने कसारा घाटालाही बगल देता येऊ लागली. राजापूरकडून वर येणारा अणुस्कुरा किंवा चंदगड-दोडामार्गचा तिलारी घाट यांची नावे पर्यटनाच्या जाहिरातींत फारशी दिसत नाहीत. तिलारीचा चढ मात्र चांगलाच उभा आहे. नवशिक्या चालकाने तिथे हात साफ करू नये.

दुसरा निकष फेरीचा. गेल्या वाटेनेच परत येणे हा या सहलीतला सगळ्यात मोठा अपव्यय. एका घाटाने उतरून दुसऱ्याने चढता येते का, हे नकाशावर आधी पाहावे. पुण्याहून याचा उत्तम नमुना म्हणजे ताम्हिणीने खाली आणि वरंध्याने वर. पिरंगुट-पौडची गर्दी मागे पडली की मुळशीचा जलाशय सुरू होतो. वीजनिर्मितीसाठी टाटांनी बांधलेल्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता; पाण्याकाठी फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते आठवते. पुढे निवे, ताम्हिणी, मग दाट झाडीतला उतार आणि विळे. माणगावहून महाडपर्यंत महामार्ग निमूटपणे कापायचा. महाडला चवदार तळे गावातच आहे, ते पाहायला फार वाकडी वाट करावी लागत नाही. बिरवाडीच्या पुढे वरंध घाट लागतो. समर्थ रामदासांनी जिथे दासबोध लिहिला असे परंपरा सांगते, ती शिवथरघळ या घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढताना वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि समोर उघडी दरी. माथ्यावर हा रस्ता कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातून कापून काढलेला आहे. पलीकडे नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने भोर गाठायचे. सगळी फेरी अडीचशे किलोमीटरच्या वर भरते.

हीच फेरी उलट करता येते, पण करू नये. कारण व्यावहारिक आहे: सुट्टीच्या संध्याकाळी ताम्हिणीहून पुण्यात शिरणारी रांग दिवसभराचे सुख पुसून टाकते. उन्हाचा हिशेब मात्र दोन्ही दिशांना सारखाच. ताम्हिणी काय किंवा वरंधा काय, कड्यांचे तोंड पश्चिमेला. सकाळी ते सावलीत असतात, दुपारनंतर उजळतात. देशावरचा माणूस सकाळी पश्चिमेकडे उतरतो तेव्हा सूर्य पाठीशी असतो. दुपारी पूर्वेकडे चढतो तेव्हाही पाठीशीच, आणि समोरचा कडा पूर्ण उजेडात. मुंबईकराचे गणित याच्या बरोबर उलटे पडते, दोन्ही वेळा ऊन डोळ्यांवर. त्याने कड्याची सावली अंगावर आहे तोवर घाट चढून जावे. मुंबईहून मोठी फेरी करायची तर कल्याण-मुरबाडवरून माळशेजने वर, ओतूर, कोतूळ, राजूर, भंडारदरा आणि घोटीवरून कसाऱ्याने खाली. हिच्यात कळसूबाईचा, म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या राज्यातल्या सर्वोच्च शिखराचा परिसर येतो, पण दिवस पुरत नाही असेच बहुतेकांच्या वाट्याला येते. भंडारदऱ्याला मुक्काम केला तर ती सुखाची.

कोल्हापूरकर या बाबतीत नशीबवान. गगनबावड्याला एकाच माथ्यावरून दोन घाट फुटतात: करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या दिशेने. करूळ रुंद, भुईबावडा अरुंद आणि अधिक झाडीचा. एकाने उतरून दुसऱ्याने चढले तर अर्ध्या दिवसात काम होते. पूर्ण दिवस असेल तर करूळने उतरून तळेरे-नांदगावमार्गे फोंडा घाट गाठावा आणि दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीवर यावे. ऊस, मग नाचणीची उतरंड, मग जंगल, मग आमराया आणि पुन्हा जंगल असे दोनशे किलोमीटरच्या आसपास पाच वेगळे प्रदेश दिसतात. गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे दाजीपूरचा पट्टा अंधार पडायच्या आत ओलांडावा.

आंबेनळी (महाबळेश्वर-पोलादपूर), कुंभार्ली (कराड-चिपळूण), आंबा (मलकापूर-साखरपा), आंबोली (बेळगाव-सावंतवाडी) आणि गोव्याकडे उतरणारा चोर्ला हेही लोकप्रिय आहेत. वाईचा पसरणी घाट देखणा, पण पाचगणी-महाबळेश्वरच्या हंगामात तो शनिवार-रविवारी टाळलेलाच बरा. सातारा-यवतेश्वर-कास-बामणोली हा रस्ता कोकणात उतरत नाही, तरी पठारी रस्त्यांत त्याला तोड नाही. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या फुलांच्या काळात कासला प्रवेशसंख्येवर मर्यादा असते, म्हणून आधी नोंदणी करावी.

ऋतूबाबत प्रचलित मत पावसाळ्याच्या बाजूचे आहे. धबधबे, धुके, हिरवळ हे सगळे खरे. पण आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जुलैत तिथे गेलेल्याला बहुधा पुढच्या गाडीचे लाल दिवेच दिसतात. याच काळात दरडी कोसळतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचून बंद पडला होता. वरंधाही पावसाळ्यात वाहतुकीसाठी अनेकदा बंद ठेवला जातो. धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात ते वेगळेच. त्यापेक्षा सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर सरस: पाणी अजून वाहते आहे, हवा धुतलेली आहे, सोनकी फुललेली आहे आणि दरी तळापर्यंत दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, पण हवेत धुरकट झाक असते. मे महिन्यात ऊन सोसत नाही, तरी करवंदे-जांभळांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायकांसाठी काही जण तेव्हाही जातात.

घाटात गाडी चालवण्याचे शास्त्र छोटे आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याची जुनी खोड प्राणावर बेतते; सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ते धरत नाहीत. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड जाते. आंधळ्या वळणावर हॉर्न, रात्री दिव्याची उघडझाप. वळणावर गाडी उभी करून सेल्फी काढणारे हा या रस्त्यांवरचा नवा धोका आहे. थांबायचे तर कठड्याच्या आतल्या रुंद जागेतच. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरला सहलीसाठी निघालेली बस आंबेनळीच्या दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. ती माणसेही सहलीलाच निघाली होती.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवावे, भरपेट खाऊ घालू नये आणि मोबाइलमध्ये मान घालू देऊ नये. आवळासुपारी, लिंबू, आल्याचा तुकडा असले उपाय घराघरांत चालतात. मागे बसलेल्यांची खरी अडचण चालकाच्या वेगाची असते. वळणात ब्रेक मारण्याऐवजी वळणाआधी गाडी हळू केली, की निम्मी कुरबूर थांबते. माकडांना खाऊ घालू नये. त्या सवयीने ती रस्त्यावरच येऊन बसतात आणि गाड्यांखाली येतात.

वेळेचा अंदाज नकाशावरच्या किलोमीटरवरून बांधू नये. घाटातला सरासरी वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर धरावा आणि थांबे वेगळे मोजावेत. माथ्यावर आणि मधल्या पट्ट्यांत मोबाइलची रेंज जाते, म्हणून रस्ता आधी डाउनलोड करावा किंवा चक्क कागदावर लिहून घ्यावा. इंधन शेवटच्या मोठ्या गावात भरावे. वरंध्यासाठी ते गाव एका बाजूला महाड, दुसऱ्या बाजूला भोर. घाट सुरू आहे की बंद, हे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जिल्हा प्रशासनाच्या सूचनांत पाहावे आणि पायथ्याच्या गावात एसटीच्या चालकाला पुन्हा विचारावे. त्याची माहिती सहसा अधिक ताजी असते.