पोत्यांनी गाडी चढते, थांबत नाही

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हिवाळा लागला की पिकअपवाले हौद्यात वाळूची पोती टाकतात. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वजन असलं की गाडी रस्त्याला धरून राहते." हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी दर हिवाळ्यात कितीतरी गाड्या रस्ता सोडून खड्ड्यात जातात.

आधी खऱ्या अर्ध्याकडे बघू. पिकअपमध्ये इंजिन पुढे, केबिन पुढे, आणि मागे नुसता पत्र्याचा रिकामा हौदा. साध्या पिकअपमध्ये गाडी ढकलण्याचं काम मात्र मागची चाकं करतात. रिकाम्या गाडीचं साधारण ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. म्हणजे जोर ज्यांनी लावायचा, त्यांच्याच वाट्याला भार कमी. कोरड्या डांबरावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बर्फावर पहिल्याच चढाला मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागतात.

घर्षणाचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. गिओम आमोंतों या फ्रेंच माणसाने तो १६९९ मध्ये मांडला: दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितके दाबले जातात, त्या प्रमाणात घर्षण वाढतं. ते प्रमाण म्हणजे घर्षणगुणांक. टायर आणि कोरडं डांबर यांच्यात तो ०.७ ते ०.८ असतो, दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण आपल्या हिशेबापुरता चालेल.

आता हिशेब. मला यातली हीच गंमत सगळ्यात आवडते, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

गाडी २००० किलोची धरा. मागच्या चाकांवर ४२ टक्के, म्हणजे ८४० किलो. चढावर गाडीला मागे खेचणारं बळ तिच्या सगळ्या वजनाच्या प्रमाणात असतं. पुढे ढकलणारं बळ मात्र फक्त मागच्या चाकांवरच्या वजनाच्या प्रमाणात. एकाला दुसऱ्याने भागलं की किलो उडून जातात आणि उरतो तो फक्त वाटा. गाडी किती चढ चढेल हे ठरतं घर्षणगुणांक गुणिले मागच्या चाकांचा वाटा यावर. गुणांक ०.२ असेल तर ०.२ गुणिले ०.४२, म्हणजे ०.०८४. शंभर मीटर अंतरात ८.४ मीटर उंची. (चढावर गाडीचा भार आपोआप थोडा मागे सरकतो, ते इथे सोडून दिलं आहे.)

आता मागच्या आसाच्या बरोबर वर १५० किलोची पोती ठेवा. मागच्या चाकांवर झाले ९९० किलो, एकूण गाडी २१५०. वाटा ४६ टक्के. चढ ८.४ वरून ९.२ मीटर. बस्स! कंबर मोडेपर्यंत पोती उचलायची आणि पदरात पडतं ते शंभर मीटरमागे जेमतेम पाऊण मीटर.

याच्या शेजारी टायरचा हिशेब मांडा. नुसते हिवाळी टायर घालून गुणांक ०.२ वरून ०.३ झाला असं धरू. मग रिकामी गाडीसुद्धा १२.६ मीटरचा चढ चढेल. तेवढाच चढ जुन्या टायरांवर, फक्त पोत्यांच्या जोरावर चढायचा तर मागचा वाटा ६३ टक्क्यांवर न्यावा लागेल, आणि त्यासाठी आसावर ११३५ किलो वाळू लागेल. सव्वा टनाला थोडी कमी. म्हणजे पिकअपच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नुसती वाळू.

हिवाळी टायरमध्ये जादू नाही. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर ताठरत जातं आणि रस्त्याच्या खाचाखोचांत शिरायचं थांबतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात, आणि खाचांत अडकलेला भुसभुशीत बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. बर्फाला बर्फाइतकं घट्ट दुसरं कुणी धरत नाही. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असेल तर त्याची बर्फावर चाचणी झालेली असते. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नये. ती अक्षरं छापायला तशी चाचणी लागत नाही.

आता उरलेलं अर्धं, म्हणजे थांबणं. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. घर्षण सगळ्या वजनाच्या प्रमाणात, आणि जे थांबवायचं तेही सगळं वजनच. इथे वाटासुद्धा उरत नाही. उरतो फक्त गुणांक. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ०.७ गुणांकावर १४ मीटरमध्ये थांबते, ०.२ वर ४९ मीटरमध्ये, ०.१ वर ९८ मीटरमध्ये. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळं. पोती टाकून यातला एक मीटरही कमी होत नाही.

फोर व्हील ड्राइव्हचंही तेच. चारही चाकं ढकलू लागली की वाटा एकदम १०० टक्के होतो, म्हणजे आपली ८.४ वाली गाडी २० मीटर चढते. हा फायदा पोत्यांच्या कितीतरी पुढचा. पण थांबताना तिला कवडीचाही जास्त आधार नाही. जाहिरातीत ती बर्फ उडवत डोंगर चढताना दिसते, उतारावरच्या वळणाआधी थांबताना कधी दाखवत नाहीत. उलट सहज निघणारी गाडी चालवणाऱ्याला रस्ता किती घसरडा आहे ते कळूच देत नाही.

पोती टाकायचीच असतील तर कुठे? अनेकजण ती फाळक्याला टेकवून ठेवतात. हिशेबाने पाहिलं तर ते आकर्षकही आहे. आसाच्या मीटरभर मागे १५० किलो ठेवले तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर १९३ किलो पडतात (दोन आसांमधलं अंतर साडेतीन मीटर धरून). पण वरचे ४३ किलो आले कुठून? पुढच्या चाकांवरून. वळायचं काम ती करतात आणि तीच हलकी झाली. त्यात गाडीच्या मध्यापासून लांब ठेवलेलं वजन शेपटीसारखं वागतं, मागचा भाग एकदा सुटला की आवरत नाही. म्हणून जागा आसाच्या वर किंवा किंचित पुढे, आणि पोती करकचून बांधलेली. गाडी अचानक थांबली तर सुटं पोतं थांबत नाही.

इथे एक शंका हमखास येते. वजन वाढवलं तर दाबाने बर्फ वितळून आणखी निसरडा नाही का होणार? दाबाने बर्फ वितळतो हे खरं, पण त्याचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३० वातावरणांचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १३० पट, दाब लागतो. टायरखाली असतो जेमतेम दोन-तीन वातावरणांचा. बर्फ निसरडा असतो त्याची कारणं वेगळी. एक म्हणजे त्याचा पृष्ठभाग शून्याखालीही पुरता घट्ट नसतो, वरचे काही थर द्रवासारखे सैल असतात. मायकेल फॅरडेने १८५० मध्येच हे सुचवलं होतं. दुसरं म्हणजे घसरताना होणारी उष्णता. हा सैल थर शून्याजवळ जाड होतो, म्हणून उणे १ अंशाचा ओलसर बर्फ उणे २० अंशाच्या बर्फापेक्षा जास्त दगा देतो. 'आज थंडी कमी आहे' म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी आहे.

डिफरन्शियलबद्दल न बोलता मला पुढे जाववत नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी रचना. तिचा स्वभाव असा की दोन्ही बाजूंना पीळ (चाक फिरवणारा जोर) सारखाच देते. डावं चाक बर्फावर आणि उजवं कोरड्या डांबरावर असेल, तर डाव्याला बर्फ जेवढा पीळ पेलू देतो तेवढाच उजव्यालाही मिळतो. डावं गरगरतं, उजवं बसून राहतं. अशा वेळी वाटा ४२ असो की ४६, कोरड्या चाकाची पकड वायाच जाते. ट्रॅक्शन कंट्रोल यावर मजेदार उपाय करतो: गरगरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावतो. ब्रेकवर मात करायला त्या बाजूला जादा पीळ लागतो, आणि समान वाटपाच्या स्वभावामुळे तेवढाच पीळ कोरड्या चाकालाही मिळतो. ज्याला काही जमत नाही त्याला अडवायचं, की दुसऱ्याचं काम होतं. डिफरन्शियल लॉक हा दुसरा मार्ग. त्यात दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, पण पूर्ण बर्फावर ती एकत्रच सुटतात आणि गाडीचं मागचं अंग आडवं जातं.

चाक एकाच जागी फिरू लागलं तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये, त्याने खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत होतो. व्हिडिओंमधून फिरणारे झटपट उपायही सोडून द्यावेत. चाकाखाली टाकायला सांगतात ती मांजरांच्या शौचपेटीतली गुठळ्या धरणारी माती बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची असते, ओली झाली की चिखल होते. चाकाखाली बादलीभर गरम पाणी ओतलं तर काही वेळाने ते गोठतं आणि आधीपेक्षा सपाट काच तयार होते.

त्यापेक्षा हौद्यातलं एक पोतं फोडावं. चाकापुढे पसरलेली जाडी वाळू गुणांकच वाढवते, आणि हिशेबात तोच तर कमी पडत होता. फक्त कडक थंडीत कोरडे कण बर्फावर बसत नाहीत, वाहनांच्या वाऱ्याने बाजूला उडतात. नॉर्वेत यावर उपाय म्हणून वाळू उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवलेल्या पाण्यात मिसळून रस्त्यावर टाकतात. ओले गरम कण बर्फात किंचित रुततात आणि तिथेच गोठतात. रस्ता सँडपेपरसारखा होतो.