उंदराच्या सापळ्यावर धावणारी गाडी

उंदराचा सापळा सुटतो तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं आटोपतं. खट् असा आवाज होतो आणि तार पलीकडे आपटलेली असते. आपण बोटांनी जोर लावून स्प्रिंगमध्ये भरलेली ऊर्जा आवाजात, धक्क्यात आणि किंचितशा उष्णतेत विरून जाते. हीच ऊर्जा पुरवून पुरवून वापरली, तर तिच्यावर एक गाडी इमारतीचा अख्खा व्हरांडा पार करते. सातवीतल्या माझ्या भाचीबरोबर ही गाडी बनवली, तेव्हापासून शाळेतल्या प्रत्येक मुलाने ती एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं.

सापळा घ्यायचा तो लाकडी पाटीवर स्प्रिंग बसवलेला. पिंजऱ्याचा इथे उपयोग नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या विल्यम हूकर यांना १८९४ साली अशा सापळ्याचं पेटंट मिळालं. त्यानंतर त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. तार अर्धवर्तुळात मागे ओढली की स्प्रिंगला पीळ बसतो. या पिळात साधारण अर्धा ते एक ज्यूल ऊर्जा साठते. १०० ग्रॅमचा एक टोमॅटो मीटरभर उचलायला लागते तेवढीच, म्हणजे एक ज्यूल. आपली सगळी पुंजी एवढीच. स्प्रिंग बदलली नाही तर ती वाढत नाही, म्हणून सगळं कौशल्य ती खर्च कशी करायची यात आहे.

त्यासाठी तारेला लांब दांडा जोडायचा. आम्ही मोडक्या छत्रीची काडी ३० सेंटिमीटर कापली, तांब्याच्या तारेने आवळून बांधली आणि वर एम-सील लावलं. आमिष लावायची पत्री आणि अडकवायची तार त्याआधीच पकडीने काढून टाकली होती. (हे काम मोठ्यांनीच करावं. स्प्रिंग बोटावर बसली तर चांगलंच लागतं.) दांड्याच्या टोकाला गोधडी शिवायचा जाड दोरा बांधला आणि तो मागच्या आसावर, म्हणजे मागची चाकं बसवलेल्या सळीवर, गुंडाळला. दांडा मागे ओढल्यावर त्याचं टोक बरोबर आसाच्या वर यायला हवं. तिथे दोरा दांड्याशी काटकोनात राहतो आणि सुरुवातीलाच पूर्ण ओढ मिळते.

चाकं जुन्या सीडींची, १२ सेंटिमीटर व्यासाची. आस म्हणून सायकलची स्पोक घेतली, जेमतेम २ मिलिमीटर जाडीची. आणि गाडी जागची हलेना.

इथे आम्ही वही काढली. दांडा अर्धवर्तुळ फिरतो तेव्हा त्याचं टोक ६० सेंटिमीटर दूर जातं, म्हणजे तेवढा दोरा आसावरून ओढला जातो. चाक आसाच्या जितके पट मोठं, तितके पट अंतर गाडी कापणार. १२० भागिले २ म्हणजे ६० पट, म्हणून ३६ मीटर! हिशेब ऐकायला छान, पण एक ज्यूल ३६ मीटरवर पसरला की गाडीला पुढे ढकलणारं बल उरतं तीन ग्रॅम वजनाच्या आतलं. आस ज्या स्ट्रॉमधून फिरत होता, तिच्याशी होणारं घर्षण त्याहून जास्त होतं. अंतराचा लोभ धरला की जोर जातो.

मग आसावर चिकटपट्टीचे वेढे देऊन तो ५ मिलिमीटर जाड केला. आता ६० सेंटिमीटर दोऱ्यात आसाचे सुमारे ३८ फेरे होतात आणि गाडी १४ मीटरच्या थोडी पुढे जायला हवी. ढकलणारं बल मात्र चमचाभर साखरेच्या वजनाएवढं झालं, आणि ते पुरलं. शर्यत वेगाची असेल तर आस आणखी जाड आणि दांडा आखूड करायचा. गाडी झेप घेते, पण लवकर थकते.

भाचीने विचारलं, सुरुवातीला आस जाड आणि नंतर बारीक असं करता येईल का? येतं. पट्टीचे वेढे उतरते द्यायचे आणि दोरा शेवटी जाड भागावर यावा असा गुंडाळायचा. जुन्या स्प्रिंगच्या घड्याळांतही शंकूसारखी उतरती कप्पी असायची. स्प्रिंगचा पीळ उलगडताना जोर कमी होतो, त्याची भरपाई ती कप्पी करायची. तिथे साखळी आधी बारीक भागावरून सुटायची आणि मग जाड भागावरून, म्हणजे आमच्या बरोबर उलट. घड्याळाला जोर एकसारखा हवा असतो, गाडीला मात्र पहिला धक्का मोठा लागतो. सातवीतल्या मुलीने स्वतःच्या डोक्याने शंकूपर्यंत पोचावं, याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

आणखी दोन अडचणी आल्या. गुळगुळीत सीडी लादीवर नुसत्याच घसरत फिरायच्या. फुगा मधून कापून त्याचा पट्टा कडेला चढवला, पकड आली. दुसरी अडचण जास्त मजेदार. दोऱ्याचं दुसरं टोक आम्ही आसाला गाठ मारून बांधलं होतं. दोरा संपला की तो उलट्या बाजूने गुंडाळायला लागायचा आणि धावती गाडी करकचून थांबायची. मग आसाला लहानसा हूक केला आणि दोऱ्याच्या टोकाचा नुसता फास त्यात अडकवला.

पुढच्या खेपेला दांडा हळूहळू उभा राहिला, पुढे झुकला, आडवा झाला. फास हुकातून गळून पडला, आणि स्प्रिंगशी काहीही नातं न उरलेली ती गाडी तशीच पुढे सहा लाद्या घरंगळत गेली.